तोडी परीचा डोळा

डोंगराच्या पायथ्याशी राजाची बाग होती. बागेत शेवंती पिवळीधमक, जास्वंद लालभडक, आणि कर्दळीची पानं इतकी हिरवीगार की हात लावला तर बोटांना रंग लागेल. बागेच्या अगदी टोकाला, जिथे माळीसुद्धा सहसा फिरकत नसे, तिथे चिताऱ्यांची एक बुटकी खोली होती. त्या खोलीत अंधार होता, ओल होती आणि सगुणा होती. तिला सगू म्हणत. म्हणजे तिचा आबा म्हणायचा. दुसरं कोणी म्हणायला उरलंच नव्हतं.

सगू नीट बोलायलाही लागली नव्हती, तेव्हाच तिची आई गेली. आईचा चेहरा तिला आठवत नसे. आईनं मांडीवर घेऊन तिच्या मनगटावर गोंदवून घेतलेलं मोराचं मुगाएवढं हिरवं पिल्लू होतं, आणि आईच्या पिवळ्या लुगड्याचा शिवलेला परकर होता. आई म्हणजे तेवढंच.

सगूचा आबा, केरोबा चितारी, राजासाठी रागमाला काढत होता. रागमाला म्हणजे रागांच्या चित्रांची माळ. गवई गातात ते राग. आता कोणी म्हणेल, गाणं कानानं ऐकायचं, त्याचं चित्र कसं काढणार? पण चितारी काढायचे. मेघ म्हणजे काळ्यासावळ्या ढगांत नाचणारा राजा. हिंदोल म्हणजे फुलांच्या झोपाळ्यावर बसून हलकेच झुलणारा. आसावरी म्हणजे चंदनाच्या झाडाखाली नागांना मांडीवर खेळवणारी रानातली बाई. आणि तोडी म्हणजे सकाळच्या कोवळ्या उन्हात वीणा घेऊन उभी राहिलेली एकटी बाई, जिची वीणा ऐकून हरणं चरायचं विसरतात.

बाकीची सगळी चित्रं पुरी झाली होती. तोडीसुद्धा झालीच होती म्हणायची. तिची डाळिंबी साडी झाली, पदराचे मोहरीएवढे मोती झाले, आंब्याचं झाड आणि त्यावरचे तिळाएवढे आंबे झाले, गवताचं पातं न् पातं झालं. राहिले होते फक्त डोळे.

चिताऱ्यांची रीतच तशी होती. डोळे सगळ्यात शेवटी. तोवर डोळ्याच्या जागी शंखाच्या सफेदीचा कोरा ठिपका. मग एके दिवशी उस्ताद अंघोळ करून बसतो, खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घेतो, इतका बारीक की टोकाला एकच केस, आणि काजळाच्या रंगानं डोळे उघडतो. शिकाऊ हातानं हे काम करायचं नसतं. कारण जो डोळा उघडतो, तो आपली थोडी नजर त्या डोळ्यात ठेवून उठतो. मोठ्या माणसाकडे ती पुष्कळ साठलेली असते, तरी म्हातारे चितारी भिंत धरून चालतात ते म्हणूनच.

केरोबा रोज तोडीसमोर बसायचा आणि रोज कुंचला खाली ठेवायचा.

"आज नको गं सगू," तो म्हणायचा. "आंब्यांना अजून एक हात देतो. पिवळा घोट."

सगू पिवळा घोटून द्यायची. तो पिवळा हरताळाचा. हरताळ सोन्यासारखा चमकतो, पण ते विष असतं. केरोबानंच तिला शिकवलं होतं, "काळ्याचा कुंचला ओठांत धरलास तर चालेल. पिवळ्याचा कधीच नाही. टोक काढायचं तर नखावर काढ." आणि हे शिकवणारा केरोबा स्वतः तोडीकडे बघत बघत, मन भलतीकडेच, पिवळ्याचा कुंचला ओठांत धरून टोक काढत राहिला. आज थोडं. उद्या थोडं.

मग त्याचे हात कापू लागले. तळव्यांवर काळे डाग आले. केस उशीवर झडले. पोटात अन्न ठरेना. राजवैद्य एकदा दारापर्यंत आले, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "विष मुरलंय. माझ्या पेटीत ह्यावर काही नाही." आणि धोतराचा सोगा सावरत निघून गेले.

सगू चुलीपाशी बसून राहिली. चुलीत राख होती आणि मडक्यात मूठभर कण्या. खोलीत आबाचा श्वास ऐकू येत होता, पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा. आबा गेला तर? हा प्रश्न तिनं मनातल्या मनातसुद्धा पुरा केला नाही. उठली, घागर घेतली आणि बागेत पाण्याला गेली.

सकाळचं ऊन भिंतीवरून उतरून तुळशीच्या कट्ट्यापर्यंत आलं होतं. दव वाळत होतं. कर्दळीच्या बुडाशी काहीतरी लकलकलं. सगूला वाटलं, चतुर असेल. वाकून बघते तर वीतभर उंचीची बाई! डाळिंबी साडी, इवलेसे मोती, खांद्यावर वीणा, आणि वीणेचे भोपळे बोराएवढे. सगू डावीकडून बघायला गेली, उजवीकडून बघायला गेली, पण ती बाई सगळीकडून एकाच बाजूनं दिसायची. चित्रातली माणसं तशीच असतात. आणि त्या बाजूला, डोळ्याच्या जागी, कोरा पांढरा ठिपका होता.

आता परीला डोळा नव्हता हे लहान मुलांना सांगावं का, रात्री ती झोपतील का, असं मनात येतं खरं. पण नव्हता. जे नव्हतं ते होतं कसं म्हणायचं?

"कोण आहे तिथे?" परी म्हणाली. तिचा आवाज तारेवर बोट फिरवावं तसा होता. "माझा डोळा सांडलाय का गं इथे कुठे? पाहिलास का तू?"

पळून जावं असं सगूला अगदी वाटलं. पण तेवढ्यात तिला परीचं पाऊल दिसलं. चिंचोक्याएवढ्या त्या पावलात बाभळीचा काटा आरपार रुतला होता, आणि रक्ताचा हिंगुळासारखा लाल ठिपका गवतावर पडला होता. मागे खारीएवढाल्या हरणांचा एक कळप. ती बिचारी एकमेकांना, झाडांना, दगडांना धडकत होती. त्यांच्या डोळ्यांच्या जागीही पांढरे ठिपके.

सगू खाली बसली. "हलू नका हं," म्हणाली, आणि नखाच्या चिमटीत धरून तिनं काटा अलगद उपटला. "दुखलं का?"

"दुखलं. पण तू विचारलंस ना, म्हणून कमी दुखलं. मी तोडी."

"आबाच्या चित्रातल्या?"

"जो रोज माझ्यासमोर बसतो आणि रडतो, तो तुझा आबा का? मला दिसत नाही. पण पाणी पडल्याचा आवाज येतो."

सगूनं ओंजळीतून पाणी देऊन परीला कर्दळीच्या सावलीत बसवलं आणि हरणांना एकेक करून जवळ आणलं.

"काटा काढलास," परी म्हणाली. "काटा काढणाऱ्याला मी तीन मागणी देते. पण नीट ऐक बाळ, मागण्यांना नियम आहेत. माझी वेळ हीच. ऊन तुळशीपर्यंत आलं की मी येते आणि बागेतल्या आंब्याच्या बुंध्याला लागलं की जाते. त्या आधी नाही आणि त्या नंतरही नाही. दुसरं असं, की जे चित्रात काढता येतं तेच मागायचं. आणि जे चित्रातून बाहेर येईल, त्याच रंगाचं तुझं स्वतःचं काहीतरी आत द्यायचं. चित्रात भोक राहून चालत नाही."

"माझ्या आबाला बरं करा!" सगू एका श्वासात म्हणाली.

परीनं मान हलवली. "बरं वाटणं कसं काढायचं गं? त्याला रंग कुठला?"

सगूनं पुष्कळ विचार केला. बरं वाटण्याला खरंच रंग नव्हता. मग तिला आठवलं, आबानं किती दिवसांत पोटभर खाल्लेलं नाही. पोटात काही गेलं तर अंगात ताकद येईल.

"मग तुमच्या झाडाचे आंबे द्या."

परीनं वीणेची तार छेडली. तिळाएवढे आंबे टपटप गवतावर पडले आणि पडता पडता मोठे झाले, पिवळेधमक, रसाळ, देठापाशी डिंकाचे मोती आलेले. आणि सगूचा परकर, आईच्या लुगड्याचा पिवळा परकर, पायाच्या घोळापासून कमरेपर्यंत हळूहळू पांढरा होत गेला. धुतल्यावर विटतो तसा नाही. मेलेल्याला पांघरतात तसा पांढरा.

सगू रडली नाही. तिनं आंबे ओच्यात घेतले आणि धावत खोलीत गेली. आबाला रस काढून दिला. आबानं दोन घोट घेतले, "गोड आहे गं पोरी," म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी सगळं ओकला. नुसता रस नाही. काळंही काहीतरी.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखानीस आले. बापूराव कारखानीस राजाच्या सगळ्या कारखान्यांचे धनी; चितारी, विणकर, सोनार, सगळे त्यांच्या हाताखाली. त्यांच्यामागून एक नोकर पाडसाला दोरी बांधून ओढत आणत होता. कपाळावर पांढरा टिळा असलेलं ते पाडस इतकं लहान होतं की पाय अजून चारही दिशांना जात होते.

"काय केरोबा, डोळे उघडले की नाही?" कारखानीस दारातूनच ओरडले.

आबानं उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"मालक, आबाला बरं नाही," सगू म्हणाली.

"ते मला दिसतंय. मी चित्राचं विचारतोय. चित्र आज पुरं झालं पाहिजे, आणि राजेसाहेबांना तस्संच दुसरं हवंय, व्याह्यांना पाठवायला. जुना चर्बा फाटलाय. म्हणून हे आणलं." त्यांनी पाडसाकडे बोट केलं.

सगूला चर्बा माहीत होता. चित्राची नक्कल करायची तर त्यावर पातळ पापुद्रा ठेवून रेघा उतरवून घ्यायच्या. तो पापुद्रा पाडसाच्या कातड्याचा असतो, आरपार दिसेपर्यंत तासलेला. आजवर तो तिला घरातल्या इतर कागदांसारखाच वाटला होता. त्याला कान असतात, ओलं नाक असतं, आणि तो थरथरतो, हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

"तुळशीपाशी बांध रे. सुरी घेऊन ये," कारखानीस नोकराला म्हणाले. "आणि ए पोरी, संध्याकाळपर्यंत डोळे झाले नाहीत तर खोली रिकामी. बापाला उचलून रस्त्यावर ठेवीन, सांगून ठेवतो. मी काय इथे धर्मशाळा उघडलीय?"

नोकर सुरी आणायला गेला. कारखानीस शेवंतीचा वास घेत बागेत लांब गेले. ऊन भिंतीवरून उतरत उतरत तुळशीपर्यंत आलं, आणि पाडसाच्या पायांमधून परी ठेचकाळत आली.

"इथे कुणीतरी घाबरलेलं आहे," ती म्हणाली. "त्याच्या छातीचा ठेका मला पायाखाली जाणवतोय."

सगूनं खोलीकडे पाहिलं. मग पाडसाकडे पाहिलं. एक मागणं आंब्यांत गेलं होतं. उरलेली दोन्ही आबाला लागतील, तिला माहीत होतं. पाडसानं तिचा हात चाटायला सुरुवात केली. मिठाच्या आशेनं, बाकी काही नाही. पण सगूनं हात मागे घेतला नाही.

"परीबाई, ह्याला तुमच्या चित्रात घ्या."

"मागणं जाईल हं, बाळ."

"जाऊ दे."

"आत येणाऱ्यासाठी रंग द्यावा लागत नाही. मागणं तेवढं जातं." तार वाजली. दोरी रिकामी होऊन गवतावर पडली. खोलीतल्या चित्रात, हिरव्या कुरणात, एक हरीण जास्त झालं.

नोकर आला, कारखानीस आले, आरडाओरडा झाला. कारखानिसांनी रिकामी दोरी तिच्या पायाशी फेकली. "सोडलंस ना? बरं. संध्याकाळी बघतो तुम्हा बापलेकीला."

ते गेले. ऊन अजून आंब्याच्या बुंध्याला लागलं नव्हतं. चार बोटं राहिलं होतं.

"एक मागणं आहे माझं," सगू घाईनं म्हणाली. "परीबाई, तुमच्या रानात विषावरचा पाला असेल. आबानं गवताचं पातं न् पातं काढलंय."

"आहे," परी म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "तळ्याच्या काठाला आहे. पण तिथे एकसारखी दिसणारी झुडपं आहेत. ज्याच्या पानाच्या शिरा निळ्या, ते विष उतरवतं. बाकीची विष वाढवतात. माझी हरणं बघून ओळखतात, पण त्यांना डोळे नाहीत. मलाही नाहीत. आणि तुझं ते पाडस अजून दूध पितंय, त्याला पाल्यातलं काय कळणार? मी आंधळेपणानं तोडून दिलं तर कदाचित तू स्वतःच्या हातानं..."

पुढचं सांगायची गरजच नव्हती.

आत चित्रात पाडस दूध शोधत एका हरिणीला ढुशी देत होतं. तिला ते दिसत नव्हतं. ती घाबरून लाथा झाडत होती.

सगू उठली. खोलीत गेली. आबाची पाटी, काजळाची वाटी, एका केसाचा कुंचला घेतला. आबा ग्लानीत होता. चित्र तिनं दारात, उन्हात आणलं.

"सगू, काय करतेस?" परी म्हणाली. "तुला ठाऊक आहे ना, त्याचं काय होतं? तुझी नजर जाईल. मोठ्यांची थोडी जाते. तुझ्याकडे अजून साठलेलीच कुठे आहे?"

"ठाऊक आहे," सगू म्हणाली. "पण मी नाही केलं तर कोण करणार?"

तिनं काळ्याचा कुंचला ओठांत धरला आणि टोक काढलं. सगळ्यात आधी त्या हरिणीचा डोळा. एक कमान, खाली एक कमान, मध्ये ठिपका. हरिणीनं पापणी मिटली, उघडली, खाली बघितलं आणि पाडसाला चाटायला लागली. आणि सगूच्या नजरेतून शेवंतीचा पिवळा निघून गेला. बागेभर शेवंती होती, पण राखेची.

दुसऱ्या हरणाबरोबर जास्वंदीचा लाल गेला. तिसऱ्याबरोबर आकाश गेलं. म्हणजे होतं तिथेच, पण नुसतं भांड्याच्या बुडासारखं. मग कर्दळीचा हिरवा. मग कडा गेल्या, झाड कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना. सगू चित्राला नाक टेकवून एकेक डोळा उघडत राहिली. हात कापू नये म्हणून तिनं श्वास धरला होता.

शेवटी परी राहिली.

चित्रात चेहरा एका बाजूनं, म्हणून परीला डोळा एकच. हरणाचा डोळा सगूला येत होता, पण बाईचा डोळा कसा असतो? तिनं कधी काढला नव्हता. घागरीत पाणी होतं. ती घागरीवर वाकली. पाण्यात तिला तिचा स्वतःचा डोळा धूसर दिसला, भोवती नुसता अंधार. लांबट, कोपऱ्यात जरा खाली झुकलेला. तोच बघून, तोच आठवून, तिनं परीचा डोळा काढला. शेवटचा ठिपका देताना तिला काहीच दिसत नव्हतं. बोटाच्या अंदाजानं दिला. किंचित तिरका पडला.

मग काळोख झाला.

"सगू," परीचा आवाज आला. अगदी जवळून. "मला दिसतंय. सगळ्यात आधी तूच दिसलीस. किती लहान आहेस गं तू!"

"ऊन कुठे आलंय?" सगूनं चाचपडत विचारलं.

"बुंध्याला टेकतंय."

"मग निळ्या शिरांचा पाला द्या. लवकर."

तार वाजली. हरणांच्या खुरांचा आवाज तळ्याकडे गेला आणि परत आला. सगूच्या हातात थंड, ओली, चुरचुरीत पानं पडली. त्याच वेळी मनगटाला मुंगी चावल्यासारखं झालं. पानं हिरवी, म्हणून रंग द्यायचा तो हिरवा. सगूनं दुसऱ्या हातानं मनगट चाचपलं. गोंदण काही हाताला लागत नाही, पण तिला कळलं. आईचं मोराचं पिल्लू गेलं होतं.

ती भिंत धरून, म्हाताऱ्या चिताऱ्यासारखी, आत गेली. पाला चुरला, रस काढला, आबाच्या ओठांना लावला. आबानं गिळलं. ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. बुडबुड्यांचा तो आवाज चालूच होता. चालूच होता. मग एक मोठा उमासा आला, आणि आबाच्या पोटातलं पिवळं काळं सगळं बाहेर पडलं. तो मागे कलंडला. आवाज थांबला.

सगूचा हात त्याच्या छातीवरच होता. काहीच हलेना. आणि मग आबानं श्वास घेतला. स्वच्छ, लांब श्वास, झोपलेल्या बाळासारखा.

सगू तिथेच, ओल्या जमिनीवर, डोकं टेकून रडली. आतापर्यंत साठवलेलं सगळं रडली.

"अगं, ऊन गेलं, पण आम्ही गेलो नाही," परी म्हणाली.

सगूनं मान वर केली, आवाजाच्या दिशेनं. "पण तुमचा नियम?"

"नियम मागण्याला असतात. द्यायला मी कधीही येईन." तिचा आवाज हसरा झाला. "इकडे ये. डोळे मीट."

सगूच्या पापणीवर काहीतरी ऊबदार, खरखरीत, इवलंसं फिरलं. जीभ होती. हरिणीची. तिनं पापणी चाटली आणि सगूला अंधारात एकदम पिवळी शेवंती दिसली. दुसऱ्या हरणानं चाटलं, लाल जास्वंद आली. मग निळं आकाश. मग कर्दळीचा हिरवा, आणि सगळ्यांच्या कडा. हरणं एकेक करून आपल्यात ठेवलेली नजर परत देत होती. आणि त्यांचे डोळे मात्र तसेच राहिले, काळेभोर, ओले. एकदा उघडलेला डोळा, कोणी प्रेमानं उघडला असेल तर, परत मिटत नाही. पाडसानंही चाटलं. त्याचं काही देणं नव्हतं. त्याला मीठ हवं होतं.

सगूनं डोळे उघडले. उजव्या डोळ्याला सगळं दिसत होतं. डाव्याला काळोख.

"तुझा डावा डोळा माझ्याकडे आहे," परी म्हणाली. "मी काही हरीण नाही. तो परत दिला तर मी पुन्हा आंधळी होईन. पण तुझा आहे तो. मागितलास तर देईन."

सगूनं तिच्याकडे पाहिलं. तिरका, किंचित खाली झुकलेला, ओलसर डोळा. परी बागेकडे बघत होती. गवताकडे, मुंग्यांच्या रांगेकडे, स्वतःच्या वीणेकडे, जणू कुणी सणाचं ताट वाढलंय आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

"राहू दे तुमच्याकडे," सगू म्हणाली. "माझं एकावर भागेल."

"मग त्याच्या बदल्यात हे घे. मी जे बघेन, ते तुला त्या डोळ्यानं दिसेल. उजवा मिटून बघ कधीही."

आणि परी उजळू लागली. आधी पदराचे मोती, मग वीणेच्या तारा, मग हरणांची शिंगं. कोवळं, केशरी, सकाळचं ऊन त्या ओल्या खोलीत मावेना, कौलांच्या फटींतून बाहेर सांडलं. त्यात वीणेचे दोन सूर ऐकू आले. मग नुसता उजेड राहिला. मग तोही हळूहळू भिंतीत जिरला.

*

संध्याकाळी कारखानीस आले. दोन माणसं घेऊन आले होते, केरोबाला उचलायला. चित्र दारातच भिंतीला टेकवलेलं होतं. कारखानीस वाकले आणि तसेच राहिले. हरणं त्यांच्याकडे बघत होती. ते डावीकडे सरकले, तर हरणं डावीकडे. उजवीकडे सरकले, तर उजवीकडे. आणि सगळ्यांच्या पुढे ते पाडस, त्यांनी स्वतः दोरीला बांधून आणलेलं, कपाळावरचा पांढरा टिळासुद्धा तोच. कारखानिसांनी एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं, दोरी धरलेल्या हाताकडे.

"चित्र झालंय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "राहा तुम्ही इथे." आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून वैद्यांचा माणूस दूध घेऊन आला. राजाच्या कारखान्यात पुन्हा पाडसाचा चर्बा झाला नाही. नक्कल करायची वेळ आली की तेल लावलेल्या पातळ कागदावर करायचे. रेघा जरा जाड यायच्या. चालायचं.

केरोबाला उठून बसायला बरेच दिवस लागले. बसल्यावर तो पहिल्यांदा चित्रापाशी गेला. एकेक डोळा निरखत राहिला. सगू मागे उभी होती. तिला वाटलं, तिरका डोळा बघून आबा रागावणार.

"कोणी उघडले?"

"मी."

"सगू, मी हा चेहरा तुझ्या आईचा काढला होता," आबा म्हणाला. "डोळे मात्र होईनात. तिचे डोळे मला आठवेचनात. रोज बसायचो आणि आठवायचे नाहीत. घाबरायचो, भलतेच काढले तर ती पुरीच जाईल." त्यानं कापऱ्या बोटानं चित्रातल्या डोळ्याच्या कोपऱ्याला, जिथे तो जरा खाली झुकला होता, हात न लावता दाखवलं. "हे तिचेच आहेत. असेच होते. किंचित तिरके. पण तुला तर तिला पाहिलेलंही आठवत नाही. तुला कुठून सापडले?"

"घागरीत," सगू म्हणाली.

आबानं वळून तिच्या तोंडाकडे बघितलं. डावा डोळा. उजवा डोळा. मग त्याला कळलं, आणि तो तिला पोटाशी धरून रडला. पण ते रडणं निराळं होतं.

चित्रात तोडीच्या मनगटावर आता एक मुगाएवढं हिरवं मोराचं पिल्लू होतं. साडीच्या डाळिंबी काठाखाली एक पिवळी पट्टी होती, कुणाच्या जुन्या लुगड्याची असावी तशी.

सगू पुढे मोठी चितारीण झाली, असं बागेतले लोक सांगत. ती पिवळा घोटायची तेव्हा शिकाऊ मुलींच्या ओठांवर तिची नजर असायची, एकाच डोळ्याची, पण चुकायची नाही. आणि रोज सकाळी, ऊन तुळशीपर्यंत आलं की ती कुंचला खाली ठेवून उजवा डोळा मिटायची. मग तिला कुरण दिसायचं, दवानं चमचमणारं. दूध पिऊन तटतटलेलं पाडस दिसायचं. तळ्याच्या पाण्यात वाकून बघणारा एक चेहरा दिसायचा. तो आईचा, आणि डोळा सगूचा. ऊन आंब्याच्या बुंध्याला लागेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत राहायच्या.